पुढची सीट

आई गेल्यापासून भिंगरीला घरात सलग अर्धा तास बसवत नव्हतं. सहा वर्षं आई अंथरुणाला खिळलेली होती. हाक आली की उठायचं, कूस बदलायची, पाठ पुसायची, औषध द्यायचं. आता हाक येत नव्हती, तरी ती उठायची. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायची, टेबल खिडकीपाशी ओढायची, दोन दिवसांनी सगळं पुन्हा होतं तिथे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा जिन्यात भेटल्या.

"रोज काय हलवता हो वरती?" त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, घर सोडताय."

इस्पितळात ती एक्स-रे काढायची. तिथे बरं होतं, माणसांची रांग असायची. पण तीन वाजता ड्यूटी संपली की उरलेला दिवस अंगावर यायचा. म्हणून उन्हाळा लागताच ती सायकल ग्रुपमध्ये गेली.

ग्रुप म्हणजे पंचवीसेक माणसं. रविवारी पहाटे साडेपाचला वाचनालयासमोर जमायचं आणि ऊन तापायच्या आत तीस-चाळीस किलोमीटर करून परतायचं. बुधवारी संध्याकाळी शाळेच्या शेडमध्ये जुन्या सायकली दुरुस्त करून गरजूंना द्यायच्या. शुक्रवारी, ज्यांना जिने उतरवत नाहीत अशांच्या घरी वाचनालयाची पुस्तकं पोचवायची. ती तिन्हीकडे असायची. भिंगरी हे नावही तिथलंच. ग्रुप चालवणारे मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. "हिच्या पायाला भिंगरी लागलीय," ते म्हणाले. "हिच्यामागे फिरून कंपाससुद्धा दमेल." तेव्हापासून तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही.

ग्रुपकडे दोघांनी मिळून चालवायची एक लांब सायकल होती, टँडम. पुढच्याच्या हातात हँडल आणि ब्रेक, मागच्याने नुसतं पायडल मारायचं. ज्यांना दिसत नाही त्यांना मागे बसवून फिरवून आणायचं, एवढ्यासाठी ती घेतलेली. मास्तरांनी ती भिंगरीच्या ताब्यात दिली आणि मागच्या सीटवर ड्रायव्हरकाका आले.

काकांनी बत्तीस वर्षं शहरात बस चालवली होती. काचबिंदूने आधी कडेचं दिसणं गेलं, मग मधलं. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. त्यांची मुलगी बँकेत काउंटरवर होती. दर रविवारी तीच हाताला धरून त्यांना आणून सोडायची.

"गियर बदल," पहिल्या दिवशी निघून पन्नास पावलं झाली नाहीत तोच काका म्हणाले.

"बदलते, काका."

"आता काय उपयोग? चढ लागायच्या आधी बदलायचा. आणि उजवीकडून स्कूटर येतीय."

"दिसतीय मला."

"दिसली असती तर वेग कमी केला असतास."

प्रत्येक वळणावर काका उजवा पाय जोरात दाबायचे. त्यांच्या पायाला अजून बसचा ब्रेक सापडत होता. सायकल गचकन अडकायची. तिसऱ्या रविवारपर्यंत मात्र दोघांचे पाय जुळले. बेकरीच्या वासावरून आणि पुलाखालच्या घुमणाऱ्या आवाजावरून काकांना आपण कुठे आहोत ते नेमकं कळायचं. जुन्या मित्राची करावी तशी ते रस्त्याची चौकशी करत. तो खड्डा बुजवला का, त्या चौकातला सिग्नल अजून तसाच उशिरा पडतो का. भिंगरीला ते आवडायला लागलं. मागे कुणीतरी होतं, आणि वळून बघावं लागत नव्हतं.

चौथ्या रविवारी काका म्हणाले, "एकदा मला पुढे बसू दे."

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकं आहे. डोळेच तेवढे गेलेत." मग म्हणाले, "घरी मला खुर्चीत ठेवतात, गाडीत ठेवतात, इथे मागे ठेवतात. सगळे नीटच ठेवतात, तक्रार नाही. पण मी ठेवायची वस्तू झालोय."

ती नाही म्हणाली. पण आठवडाभर ते वाक्य तिला टोचत राहिलं. एक्स-रेच्या टेबलावर माणसांना सरळ करताना, हात उचलून ठेवताना, आपण किती जणांना असं ठेवतो हे ती मोजू लागली. आईलासुद्धा तिने सहा वर्षं नीटच ठेवलं होतं.

पाचव्या रविवारी ग्रुप पंपहाउसच्या सावलीत पाणी प्यायला थांबला. तिथून पुढे नवा रस्ता सुरू व्हायचा. काम होत आलं होतं, वाहतूक सुरू झाली नव्हती, तोंडाशी नुसती पिंपं उभी होती. रस्ता दोन किलोमीटर सरळ, काळाभोर, रिकामा. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. तिची बाटली अर्धीच पिऊन झाली होती.

"आम्ही दोघं जरा पुढे होतो," ती मास्तरांना म्हणाली.

पिंपांच्या पलीकडे गेल्यावर ती उतरली. "या पुढे," ती म्हणाली. "मी सांगेन तेवढंच करायचं."

काकांनी दोन्ही हातांनी हँडल चाचपलं, ब्रेक दाबून सोडला, पुन्हा दाबला. सुरुवातीला सायकल नागासारखी सळसळत गेली. "डावीकडे थोडं. बस. आता सरळ." शंभरेक पावलांनी ती धरल्यासारखी सरळ झाली. काकांची पाठ ताठ झाली होती. मान वर होती, जणू काच आहे आणि काचेपलीकडे रस्ता आहे.

"किती मोकळं आहे?" त्यांनी विचारलं.

"शेवटपर्यंत."

"मग वाढवू?"

"वाढवा की. जोरात चला."

वारा कानात भरला. भिंगरीच्या हातात काही नव्हतं, वळवायचं नव्हतं, थांबवायचं नव्हतं. आई गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या अंगातली धावपळ थांबली. आणि तिने डोळे मिटले. मुद्दाम नाही म्हणता येणार, पण मिटलेत हे तिला माहीत होतं, आणि तरी तिने ते उघडले नाहीत. पायडलं फिरत राहिली.

उघडले तेव्हा सायकल कडेला सरकली होती आणि समोर वाळूचा ढीग होता. ती ओरडली तोवर पुढचं चाक त्यात शिरलं होतं.

तिचे दोन्ही तळवे सोलले. काका खांद्यावर पडले होते आणि उठून बसायला गेले ते कण्हत परत आडवे झाले. भिंगरीने शर्टावरून बोटं फिरवली. गळ्याजवळचं हाड मध्येच उंच झालं होतं. एक्स-रेचा फोटो काढायच्या आधीच तिला कळलं.

इस्पितळात फोटोही तिनेच काढला. त्या दिवशी रविवारची ड्यूटी असलेल्या मुलीला तिने बाजूला केलं आणि काकांना प्लेटसमोर उभं केलं. "श्वास रोखा," ती म्हणाली. हे ती दिवसातून साठ वेळा म्हणायची. आज म्हणताना तिचाच रोखला गेला.

"मोडलंय?" काकांनी विचारलं.

"हो. पण हाड फारसं सरकलेलं नाही. पट्टा बांधून जुळेल."

बाहेर डॉक्टर फॉर्म भरत होते. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. काकांची मुलगी धावतपळत नुकतीच पोचली होती. मास्तर दारात होते. सगळे भिंगरीकडे बघत होते.

"कुत्रं आडवं आलं," ती म्हणाली.

काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

काकांच्या मुलीने भिंगरीचे खरचटलेले हात हातात घेतले. "ताई, तुम्ही होतात म्हणून थोडक्यात निभावलं," ती म्हणाली.

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण ह्याला चार फुटले. सोमवारी मास्तरांनी ग्रुपवर कुत्र्यांपासून सावध राहण्याबद्दल लांबलचक मेसेज टाकला. मंगळवारी कुणीतरी नगरपालिकेला द्यायचा अर्ज लिहिला, नव्या रस्त्याच्या बाजूची कुत्री धरून न्यावीत म्हणून. बुधवारी शेडमध्ये त्यावर सह्या झाल्या. भिंगरीच्या पुढ्यात कागद आला तेव्हा तिने हाताच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि सही टाळली. चोराच्या मनात चांदणं. जो तो तिच्याशी गोड बोलत होता, आणि तिला प्रत्येकाच्या बोलण्यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. घरी येऊन तिने कपाट रिकामं केलं, भरलं, पुन्हा रिकामं केलं.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर ती काकांकडे गेली. मुलगी बँकेतून यायची होती. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, खांद्यांना मागून आवळलेला पट्टा.

"ये," ते म्हणाले. "कुत्रं कुठल्या रंगाचं होतं गं? मुलगी विचारत होती, मला सांगता येईना."

भिंगरी खाली मान घालून उभी राहिली.

"बत्तीस वर्षांत माझ्या हातून चार अपघात झाले," काका म्हणाले. "चारही रिपोर्ट मी स्वतः लिहिले, एकही खोटा नाही. हँडल माझ्या हातात होतं, हा पाचवाही मीच द्यायला हवा होता. तिथे दुखण्याने गप्प बसलो. मग वाटलं, तू सांगशील. चार दिवस झाले."

"काका, वाळू मला दिसली नाही असं तुम्हाला वाटतंय."

"दिसली असती तर बोलली असतीस."

"मी बघतच नव्हते. डोळे मिटले होते मी."

काकांचे हात मांडीवर पडले. "का?"

"बरं वाटत होतं," ती म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. "मी तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर गेलो," काका शेवटी म्हणाले. "ते मात्र वाईट केलंस. जा आता. मला राग आलाय आणि मला तो येऊ दे."

ती जिना उतरत होती तेव्हा काकांची मुलगी समोरून येत होती. सगळ्यांना खरं सांगायला पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं असं भिंगरीने ठरवलं होतं, पण पाय थांबले. तिथेच, जिन्याच्या वळणावर, तिने सगळं सांगून टाकलं. मुलगी ऐकत राहिली. तिच्या हातातली पिशवी हळूहळू एका पायरीवर टेकली.

"आणि मी तुमचे हात धरले," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून वर निघून गेली.

बुधवारी तिने शेडमध्येही सगळं सांगितलं, आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर अर्ज फाडला. ते चिडून बोलले नाहीत. "टँडम या उन्हाळ्यात तुला नाही," एवढंच म्हणाले. दोघंतिघं तिच्याशी बोलेनासे झाले. ग्रुप सोडावा असं तिच्या मनात दहादा आलं, आणि सोडला असता तर कुणी अडवलंही नसतं. पण त्याच्या पुढच्या बुधवारी ती पुन्हा गेली. गंजक्या चेनी रॉकेलमध्ये बुडवून, एकेक कडी घासून साफ करायचं काम तिने मागून घेतलं. ते बसून करायचं काम होतं. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा उठली. इस्पितळाच्या फॉर्मवरही तिने डॉक्टरांकडून दुरुस्ती करून घेतली. त्याबद्दल साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून झापलं.

सात आठवड्यांनी काका तपासणीला आले. फोटो भिंगरीने काढला नाही, सहकारी मुलीला काढायला सांगितला. हाड जुळलं होतं, मध्ये थोडा उंचवटा राहिला होता. ती आतल्या खोलीत थांबली होती. काकांची मुलगी दार ढकलून आत आली.

"बाबांना परत सायकलवर बसायचंय," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं. त्यांनी दोन दिवस जेवणावर राग काढला. मग मी म्हटलं, बसायचं तर माझ्या मागे बसा. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही." ती जरा अडखळली. "पण मला ती लांब सायकल चालवता येत नाही. मास्तर म्हणाले, ग्रुपमध्ये ती सगळ्यात चांगली तुम्हाला कळते."

"मास्तर असं म्हणाले?"

"शिकवायला हरकत नाही म्हणाले. माझा राग गेलेला नाही, ताई. हे आधीच सांगते."

"केव्हा येता?"

"उद्या सकाळी. सहाला. आठला मला निघावं लागतं."

शाळेच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी धूळ उडत होती. भिंगरी मागच्या सीटवर बसली, वजन म्हणून. सायकल भेलकांडत होती. मुलगी प्रत्येक वळणावर खांदे आखडायची. भिंगरीचे हात आपोआप पुढे जात होते, पुढ्यात नसलेलं हँडल धरायला. ती ते मागे ओढून मांडीखाली दाबत होती.

"मागून ढकलताय तुम्ही," मुलगी मान न वळवता म्हणाली. "नुसत्या बसा ना."

"बसलेय," भिंगरी म्हणाली. "ते झाड येतंय, आत्ताच वळायला लागा."

मुलगी वळली. जरा जास्तच वळली, सायकल कलली, दोघींनी एकदमच पाय टेकवले. तेवढ्यात मैदानाच्या फाटकाकडून काठीचा आवाज आला. काका एकटेच आले होते, भिंत चाचपत, घरापासून तीन गल्ल्या.

"गियर चुकतोय," ते फाटकातून म्हणाले. "लांबून ऐकू येतंय."