भिंतीकडची कड

"फुली मारलेल्या कडा सोडून द्या हं बाबा, त्या भिंतीला जाणार," हॉलमध्ये नव्या कपाटाच्या फळ्या पसरत सुयोग म्हणाला. "उगाच पट्टी कशाला वाया घालवायची?"

धोंडिरामने मान डोलावली. विक्रोळीच्या फर्निचर कारखान्यात त्याने उभी हयात फळ्यांच्या कडांना पट्ट्या चिकटवल्या होत्या. भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी वरून सागवानी दिसते. कापल्या कडेला तिचं खरं रूप बाहेर येतं. ते झाकायचं, हा त्याचा धंदा. मुंबईत या धंद्याला मरण नाही.

मुलगा शिकलेला, त्यामुळे फुल्यासुद्धा फूटपट्टी लावून मारलेल्या होत्या.

"तुमचा हात बसलाय म्हणून सांगितलं हो. दुकानवाला नुसत्या कडांचे केवढे मागतो!" स्वयंपाकघरातून सून म्हणाली. "आणि उद्या सुयोग सोडेल तुम्हाला लताताईंकडे. चार दिवस राहून या. बोरिवलीची हवा काय मस्त आहे!"

"मग मुलुंडच्या हवेला काय झालं, ऋतिका?"

"तसं नाही हो बाबा. तुम्हाला जरा चेंज!"

विक्रोळीची खोली विकून या फ्लॅटला हातभार लावल्यावर धोंडिरामच्या वाट्याला हॉलचा एक कोपरा आला होता, घडीच्या लोखंडी खाटेसकट. तेवढ्यावर त्याची तक्रार नव्हती. लेकीच्या सासरी चार दिवस पाहुणा म्हणून जायलाही नव्हती.

त्याने इस्त्री तापवली. पट्टीला मागून गोंद असतोच. वरून इस्त्री फिरवायची, फडक्याने दाबून धरायचं, बाहेर आलेली पट्टी पटाशीने खरवडायची. दर्शनी कडा झाल्या. मग त्याने फुल्यांकडे नीट पाहिलं.

कपाट कुठे उभं राहणार हे कारागिराला विचारावं लागत नाही. कच्च्या ठेवलेल्या कडाच ते सांगतात. फुल्या मागच्या बाजूला होत्या आणि डाव्या. म्हणजे मागे भिंत, डावीकडेही भिंत. त्याने मान वर करून हॉल पाहिला. एका कोपऱ्यात दार, एकात टीव्ही, एकातून स्वयंपाकघराची वाट.

चौथ्यात त्याची खाट.

त्याने वितीने फळी मोजली. मग खाट मोजली. मुलाचं माप चुकलं नव्हतं.

"सुयोग, मी आल्यावर खाट कुठे टाकायची रे?"

मोबाइलवरची नजर न काढता सुयोग म्हणाला, "बघू ना बाबा. आत्तापासून कशाला?"

"नाय, विचारलं आपलं."

"बघू म्हटलं ना!"

धोंडिराम उठला. खाटेखालच्या पेटीतून त्याने कारखान्यातून निघताना आणलेलं पट्टीचं जुनं रीळ काढलं. रंग पांढरा, फळ्या तपकिरी. तो पुन्हा खाली बसला आणि एकेक फुली झाकत गेला.

"अहो बाबा!" सुयोग वैतागला. "फुल्या दिसल्या नाहीत का?"

"दिसल्या."

"मग?"

"त्या भिंतीला ओल आहे. कच्ची कड पाणी पिते. एका पावसाळ्यात फळी फुगेल."

"ओल? आम्हाला कशी नाही दिसली?"

"दिसत नाही. मी पाठ लावून झोपतो ना तिथं. पाठीला लागते."

 सुयोगने आत हाक मारली, "ऋतिका, त्या वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लाव गं. कपाट लावायच्या आत करून घेऊ. बरं झालं बाबांनी सांगितलं, नाहीतर वाट लागली असती कपाटाची!"

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी खाट दुमडून दाराशी ठेवली. रिकाम्या भिंतीवर उशीच्या उंचीला डोक्याच्या तेलाचा काळपट गोल डाग होता. धोंडिरामने फडकं घेतलं आणि वाकून तो पुसू लागला.

"राहू द्या हो बाबा," ऋतिका म्हणाली. "कपाटामागे कुणाला दिसणार आहे?"