एका बोटाने आखूड

मित्रांनो, मला पाहून तुमची निराशा होणार, हे आधीच सांगून टाकते. मी एक जुनी तलवार आहे, गंजलेली आहे आणि लांबीला मोठ्या माणसाच्या हाताएवढीच आहे. संग्रहालयात माझ्या मागच्या भिंतीवर गोष्टीतल्या राजाचे भले मोठे चित्र लावले आहे. त्यात त्याच्या हातात खांद्याला लागेल एवढी उंच, हिऱ्यामाणकांनी मढवलेली तलवार आहे. लोक आधी चित्र पाहतात, मग खाली मला पाहतात आणि नाक मुरडतात. "हीच का ती?" असे विचारतात. हो, हीच ती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

मोडक्या नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव आणि ओंजळभर खिळे, एवढ्या भांडवलावर एका लोहाराने मला घडवले. भाता त्याची बायको चालवत होती. ज्याच्यासाठी मी घडले, तो तेव्हा राजा नव्हता. सगळे त्याला नुसते थोरला म्हणत. लहानपणी दारात सापडून त्याच्या उजव्या हाताची करंगळी गेली होती. लोहाराने त्याचा हात ओल्या मातीवर दाबून माप घेतले. पात्याखालची आडवी पट्टी आणि मुठीच्या टोकाचा लोखंडी गोळा यांच्यात त्याने तीन बोटांपुरतीच जागा ठेवली. मूठ सैल असली की तलवार हातात फिरते, म्हणून.

"आता ही दुसऱ्या कुणाच्या हाताला बसायची नाही," लोहार म्हणाला.

"मग चोरीला जायची भीती नाही," थोरला म्हणाला आणि तिघेही हसले.

अकरा वर्षे मी त्या हातात होते. नदीच्या उतारावर आम्ही तीन दिवस शत्रूची वाट अडवून धरली, तेव्हा माझ्या धारेला पाच खाचा पडल्या. लोहार त्या घासून काढायला निघाला, तर थोरल्याने मला मागे ओढून घेतले. "तिने खाल्लेला मार आहे तो. राहू दे," तो म्हणाला. माझे एवढे कौतुक त्याआधी कुणी केले नव्हते आणि नंतरही केले नाही.

पुढे त्याच उतारावर, एका पुरात, मी त्याच्या हातून निसटले आणि गाळात रुतले. मी खाली गंजत पडले होते आणि वर माझी कीर्ती वाढत होती. गोष्ट सांगणाऱ्यांनी मला दर पिढीला वीतभर लांब केले. कुणी सोने चढवले, कुणी हिरे जडवले. एकाने तर मला डोंगर चिरायला लावला! चित्रकाराने थोरल्याला त्याची करंगळीसुद्धा परत देऊन टाकली. त्याच्या पदरचे काय जात होते?

शेकडो वर्षांनी पुलाचा पाया खणताना मजुरांना मी सापडले. मुठीचे लाकूड केव्हाच कुजून गेले होते, पण पट्टी आणि गोळा जागच्या जागी होते. गोष्टीतल्या लढाईची जागा तीच, म्हणून मला संग्रहालयात आणून राजाच्या नावाची चिठ्ठी लावली. तिथला म्हातारा पहारेकरी माझ्यावर जीव टाकायचा. तो दर रविवारी मला विटेच्या भुकटीने खसाखसा घासायचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण पाचांपैकी तीन खाचा त्याच्या मायेपायी पुसल्या गेल्या. मला ओरडताही येईना.

मग नवे दालन बांधले गेले आणि माझ्यावर खरे संकट आले. उद्घाटनाला दहा दिवस उरले असताना मोठ्या साहेबांनी फर्मान काढले. मला घासून लख्ख करायचे, टोकाचा गोळा कापून टाकायचा आणि चित्रातल्यासारखी सोनेरी मूठ बसवायची. मित्रांनो, थोरल्याच्या हाताची या जगात एकच खूण उरली होती. ती म्हणजे पट्टी आणि गोळा यांच्यामधली तीन बोटे जागा. गोळा कापला की तीही जाणार होती.

जुन्या वस्तूंची निगा राखणाऱ्या एक बाई तिथे होत्या. कपाळावर सदा भिंग चढवलेले, म्हणून सगळे त्यांना भिंगताई म्हणत. साहेबांनी बोलावलेले लोहारकाका कापायचे यंत्र घेऊन आले, तेव्हा ताईंनी माझ्या मुठीवर सरळ आपला हात ठेवला.

"काका, आधी माझ्या हातावर चालवा."

"अहो ताई, साहेबांनी सांगितलंय. मी पडलो हुकमाचा ताबेदार."

"ही जागा एवढी आखूड का ठेवली, ते मला कळत नाहीये. आणि कळत नाही ते मी कापू देणार नाही."

साहेब आले. ते काही दुष्ट नव्हते. जुन्या दालनात दिवसाला दहा माणसेसुद्धा फिरकत नसत आणि हेही ओस पडेल, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. "लोक हसतील हो हिला," ते म्हणाले.

"हसू देत. पण हिला विद्रूप करून टाळ्या नकोत. आठ दिवस द्या. काका हुबेहूब अशीच दुसरी घडवतील. ती बघा आणि मग काय ते ठरवा."

"आठच दिवस," साहेब म्हणाले. "नवव्या दिवशी गोळा कापायचा."

भिंगताई हट्टाला पेटल्या होत्या. माझी जाडी त्यांनी बोटाबोटाला मोजली, कागदावर उतरवली, खाचासुद्धा सोडल्या नाहीत. पाचव्या दिवशी काका नवी तलवार घेऊन आले. काय देखणी होती! ताईंनी मोजपट्टी लावून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काका, मूठ लांब झालीये. आणि खाचा कुठे गेल्या?"

"दुरुस्त केलं ना! मूठ आखूडच होती ती. कुण्या शिकाऊ माणसाचं काम दिसतंय. चूक काय म्हणून उतरवू? तीस वर्षं दारं-खिडक्या घडवतोय, लोक म्हणतील म्हाताऱ्याला माप कळत नाही."

"चूक असेल तर चुकीसकट हवी मला. तीन दिवस आहेत. घडवाल?"

काका पुटपुटत गेले. तीन दिवस मी ताईंच्या टेबलावर पडून होते. शेजारी कापायचे यंत्र ठेवलेले होते. मला खूप भीती वाटली, हे लपवत नाही. पण थोरल्याबरोबर तीन दिवस वाट अडवली होती, तशीच हीही अडवायची, असे मी मनाशी पक्के केले. फरक एवढाच होता की या वेळी लढत भिंगताई होत्या.

आठव्या दिवशी काका आले ते धावतच. साहेबही तिथेच होते. काकांनी नवी तलवार हातात धरून दाखवली. चार बोटे आत मावेनात, करंगळी गोळ्यावर अडकून बसे.

"रात्रभर शिव्या घालत होतो त्या लोहाराला," काका म्हणाले. "सकाळी सहज करंगळी दुमडून धरली. आणि बघा!"

त्यांनी करंगळी तळहातात दुमडली. मूठ घट्ट बसली. त्यांनी तलवार गर्रकन फिरवली, ती तसूभरही ढळली नाही.

"शिकाऊ नव्हता हो तो. उस्ताद होता. ज्याला घडवून दिली, त्याला करंगळीच नव्हती." काकांनी नवी तलवार टेबलावर ठेवली. "मी नाही कापणार, साहेब. दुसरा माणूस बघा."

साहेबांनी नवी तलवार हातात घेतली. करंगळी दुमडली.

"ताई, ही राजाचीच, असं लिहू शकाल?"

"नाही. गोष्टीतला राजा खरोखर होऊन गेला असेल, तर त्याची तलवार अशी असू शकेल, एवढंच लिहीन. आणि ही ज्याची होती, त्याला उजव्या हाताची करंगळी नसावी, असं लिहीन."

साहेबांनी कापायचे यंत्र स्वतः उचलून बाहेर नेले.

उद्घाटनाला मी होते तशीच, गंजासकट, काचेत बसले. शेजारी काकांनी घडवलेली ठेवली, कुणीही हातात घ्यावी अशी. लोक मला पाहून हसले. अगदी खो खो हसले. मग एका शाळकरी मुलीने चिठ्ठी वाचली, करंगळी दुमडली, ती तलवार उचलली आणि तिचे हसू थांबले. तिच्यामागे तिचे वडील, त्यांच्यामागे आणखी कुणी. पाहता पाहता रांग लागली. माणसे रांगेत उभ्या उभ्याच करंगळी दुमडून पाहत होती.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा. तिची खाच, तिचा बाक, तिचा आखूडपणा कुणामुळे आला, ते आधी विचारा. कळले नाही तर तसेच राहू द्या. कधीतरी कुणाला तरी कळेल.

मला चित्रातल्यासारखे दिसायचे नाही. शेकडो वर्षे गाळात काढल्यावर त्या दिवशी मी माझ्या थोरल्याचा हात पुन्हा पाहिला, आणि तो एक नव्हता. ती सबंध रांग त्याचाच हात पुढे करून उभी होती.