उरलेली अकरा इंजेक्शनं

भीमराज जनावरांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गेला आणि मुलुंडच्या डोंगराखालच्या त्या चाळीने त्याला परस्पर डॉक्टर करून टाकलं. सुरुवात त्याच्या आईने, शांताबाईने केली. मग कुणाची शेळी खंगली, कुणाच्या कोंबड्यांनी माना टाकल्या, की हाक भीमराजला. त्यालाही ते आवडायचं. का नाही आवडणार? वय वीस, गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप, आणि अजून एकाही शेळीने तक्रार केलेली नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत शेजारचा सहदेव धावत आला. संपात गिरणी गेली तेव्हा त्याने एक म्हैस घेतली होती, आणि आता निम्मी चाळ तिच्याच दुधाचा चहा प्यायची. म्हशीचा जबडा लोंबत होता, तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या, वैरण समोर तशीच पडलेली.

"काल बाजारातला उरलासुरला कोबी घातला होता रे," सहदेव म्हणाला.

भीमराजने गळा चाचपला आणि ऐटीत निदान केलं: देठ अडकलाय. त्याने हात घातला, पण तो घशापर्यंत जाईना. तेव्हा सहदेवची बायको शेवंती बांगड्या उतरवून पुढे झाली. तिचा हात बारीक, बोटांवर विळीचे ताजे काप. भीमराज जबडा धरून "अजून आत वहिनी, अजून आत" म्हणत राहिला. देठ सापडला नाही. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली आणि महापालिकेची गाडी तिला घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी वर्गात सरांनी पिसाळण्याचा रोग शिकवायला घेतला. "जबडा लोंबतो, लाळ गळते. मालक सांगतो, घशात काहीतरी अडकलंय. तुम्ही आधी हाच रोग धरून चाला. हात घालू नका. दरवर्षी एखादा शहाणा घालतोच."

वर्ग हसला.

तास संपल्यावर त्याने सरांना सगळं सांगितलं. मेंदू तपासला असता तर खात्री झाली असती, पण म्हैस कुठली आता! "दोघंही चौदा इंजेक्शनं घ्या," सर म्हणाले. "पोटात घ्यावी लागतात, दुखतं. पण एकही चुकवू नका."

शेवंतीने तीन घेतली. तिसऱ्यानंतर पोट टरारून सुजलं आणि चौथ्या दिवशी ती इस्पितळाच्या दारातूनच मागे फिरली.

"भीमा, कुत्रो चावलो तर सुयो घेतत. म्हस माका चावाक नाय, काय नाय."

"वहिनी, लाळ जखमेत गेली तरी तेच. तुझ्या बोटांवर काप होते."

"म्हैस पिसाळलेली होती म्हणून चाळभर सांगत फिरू नकोस," सहदेव भडकला. "लोकांनी दूध प्यायलंय तिचं. उद्या दुसरी म्हैस आणली तर दारात कोण उभं करील मला? त्या दिवशी देठ म्हणालास, आज पिसाळली म्हणतोस. आधी डॉक्टर तर हो!"

भीमराजचं खोटं निदान दोघांनी डोळे मिटून मानलं होतं, आणि खरं निदान ऐकायला कुणी तयार नव्हतं. त्याने शांताबाईला पाठवून पाहिलं. इस्पितळातल्या नर्सला घरी चला म्हणून विनवलं. ती म्हणाली, आम्ही माणसं ओढून आणत नाही. दहाव्या दिवशी तो शेवंतीच्या पायाच पडला. ती त्याला उठवून चहा करायला गेली. भीमराजची मात्र चौदाच्या चौदा झाली. रोज सकाळी तो रांगेत उभा राहायचा, आपल्यापुढे शेवंतीची एक जागा सोडून, आणि मागचा माणूस ओरडला की पुढे सरकायचा.

शिमग्याला शेवंती गावी गेली आणि मे महिन्यात परतली, तुकतुकीत, चांगली भरलेली. दुसऱ्याच दिवशी तिने गॅलरीतून हाक मारली. हा रोग झाला की माणूस पाण्याला भितो, असं भीमराजने तिला समजावताना सांगितलं होतं. ती पाण्याने भरलेला तांब्या घेऊनच उभी होती.

"बघ रे डॉक्टरा, पाणी पितंय का नाय!"

सगळी चाळ बघत असताना तिने घटाघट तांब्या रिकामा केला. सहदेव हसला, शांताबाई हसली. जेमतेम तीन महिने झाले होते. रोग वर्षभरानेही वर येतो, पुस्तकात तसं छापलेलं होतं. आणि वर आला, की माणूस वाचत नाही.

शेवंतीने पदराने तोंड पुसलं. "आता तरी तुका झोप येतली ना?"

"येईल, वहिनी," भीमराज म्हणाला.