कोणाचाच नसलेला हात

सुलक्षणा कोठावदेच्या पाठीवर कुलथे साहेबांचा उजवा हात होता. साहेब तिथे नसले तरी हात असायचा. बॅटरी कंपनीच्या स्टोअररूममध्ये त्यांनी तो ठेवला, तिने हिसका देऊन दार गाठलं, आणि हात मनगटापासून निघून तिच्याबरोबर घरी आला. तेव्हापासून आई तिचे ब्लाउज पाठीत सैल शिवायची. सुलक्षणाला उताणं झोपता येत नसे. हात निघावा, एवढ्यासाठीच ती कोर्टाची पायरी चढली.

साहेब रिकामी बाही खिशात खोचून तारखेला यायचे. हात लहानपणीच गेला, असं बिनदिक्कत सांगायचे. कंपनीतली माणसं माना डोलवायची. ज्यांच्या रजा त्याच हाताने मंजूर झाल्या होत्या, तीसुद्धा.

शेवटी तडजोड ठरली. गुंजाळ वकीलबाईंनी तिला मसुदा समजावला.

"साहेब काहीच कबूल करत नाहीत."

"म्हणजे हात त्यांचा नाही?"

"नाही."

"मग कोणाचा?"

"कोणाचाच नाही. त्यामुळे तो काढून न्या, असं कोर्ट कोणालाच सांगू शकत नाही. बोटातली अंगठी मात्र त्यांची आहे. ती परत करायची." वकीलबाईंनी चष्मा पुसला. "आणि याबद्दल कुठे बोलायचं नाही. ब्लाउज सैल शिवायची मुभा मी भांडून घेतलीय."

सुलक्षणाला रडूच फुटलं. तरी कोर्टाचा शिक्का पडला की हात आपोआप गळेल, अशी वेडी आशा तिला होती. तिने सही केली.

शिपायाने साबण लावून अंगठी काढली. न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, स्वखुशीने सही केलीत ना? कोणाचा दबाव नाही ना?"

पाठीत पाच बोटं रुतली.

"नाही," ती म्हणाली.

"मोठ्याने सांगा."

"नाही, साहेब."

शिक्का पडला. पाठीवरचा हात आणखी जड झाला. समोर कुलथे साहेबांच्या बाहीत काहीतरी हललं, आणि कफातून नवा हात बाहेर आला. कोवळा, गुलाबी, अजून ओलसर. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

साहेबांनी दोन्ही हात जोडून न्यायाधीशांना नमस्कार केला. मग नव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली आणि तो कुठे टेकवावा म्हणून शेजारी नजर टाकली. शेजारी त्यांची फाइल छातीशी धरून ऑफिसात नुकतीच लागलेली मुलगी उभी होती.