जगदेवीच्या वर्गातला रांजणप्पा

मित्रांनो, नाक मुरडण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. मी एक जुना रांजण आहे, आणि तोही गळका. पण अडाणी नाही. मला पाढे येतात. म्हणजे, कुणी आधी म्हणून दाखवले तर येतात.

तेरला, तेरणा नदीच्या काठी, बलभीम कुंभाराने मला घडवलं. भट्टीतून बाहेर काढल्यावर त्याने मला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "घंटेवानी वाजतोय." येरमाळ्याच्या शंकरप्पा दुकानदारांनी मला विकत घेऊन बैलगाडीत घातलं. वाटेत चाक खड्ड्यात आदळलं आणि माझ्या बुडाशी केसाएवढी चीर पडली. घरी शंकरप्पांची बायको इरम्मा हिने मला हौसेने काठोकाठ भरलं. सकाळी बघते तर अर्धं पाणी जमिनीवर! तेव्हापासून माझी रवानगी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत झाली.

चांगल्या रांजणाकडे घरातलं माणूस दिवसातून कितीदा तरी येतं. माझ्याकडे कुणीच येत नसे. दुकानातलं बोलणं भिंतीपलीकडून यायचं आणि माझ्या रिकाम्या पोटात नुसतं घुमत राहायचं. मला फार एकटं वाटायचं.

मग एके दिवशी त्या खोलीत शाळा भरली.

ते निजामाच्या राज्यातले दिवस होते. गावात सरकारी मदरसा होता, पण तिथलं सगळं शिक्षण उर्दूतून चाले आणि तिथे मुलगी एकही नव्हती. शंकरप्पा लहानपणी बार्शीला चार इयत्ता मराठी शिकले होते. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. तिथे मुलींची मराठी शाळा होती आणि शंकरप्पांची बहीण पार्वतम्मा तिथेच नांदत होती. आपली एकुलती एक जगदेवी घरी तयार करायची आणि बार्शीच्या शाळेत एकदम तिसरीत बसवायची, असं त्यांच्या मनाने घेतलं.

शाळा म्हणजे शाळा, असा त्यांचा खाक्या होता. दुकानात ते अप्पा. पण कोट चढवून मागच्या खोलीत आले की गुरुजी! जगदेवीने उठून नमस्कार करायचा आणि अहोजाहो बोलायचं. एकदा उत्तर चुकलं म्हणून गुरुजींनी तिला कान धरून उभं केलं. शाळा सुटली, तशी ती रडत दुकानात गेली.

"अप्पा, आज गुरुजींनी लई तरास दिला."

शंकरप्पांच्या हातात तराजू होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मी बोलतो त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी गुरुजी फारच मऊ आले होते.

शुद्धलेखनाची तऱ्हा तर विचारूच नका. गुरुजींचा एक कान खोलीत आणि एक दुकानात असायचा. ते मजकूर सांगायचे, जगदेवी पाटीवर उतरवायची आणि मधेच गिऱ्हाईक यायचं. एकदा पाटीवर असा धडा तयार झाला: "एका नगरात एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. हरणाबाई, मीठ ओलं निघालं तर मी काय करू, उन्हात टाका." गुरुजींनी दोनदा वाचलं. हसू मिशीत दाबलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय. एकबी चूक न्हाय."

इरम्मा माहेरची कानडी. ऐन पाढ्यांच्या वेळी ती दारातून हाक मारायची, "बा इल्ली!" म्हणजे इकडे ये. गुरुजी म्हणायचे, "शाळा चालू हाय." ती म्हणायची, "शाळेला सांगा, डाळ करपायलीय." मग शाळेला मधली सुट्टी व्हायची.

हे सगळं गमतीचं होतं. पण हजेरीची वेळ आली की मला त्या पोरीकडे बघवत नसे. गुरुजी खड्या आवाजात म्हणायचे, "जगदेवी शंकरप्पा!" ती म्हणायची, "हजर." आणि हजेरी संपायची. बरोबरीच्या मुली सकाळीच गुरांमागे रानात गेलेल्या असत. संध्याकाळी ती ओट्यावर येऊन उभी राही, तर त्या आपसात हसत निघून जात. पाटीवाल्या मुलीशी काय बोलायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि त्यांच्याशी काय बोलायचं, हे हिला माहीत नव्हतं.

एके दिवशी हजेरी संपल्यावर ती बसलीच नाही.

"गुरुजी, आणिक कुणाचं नाव घ्या की."

"आणिक कोण हाय हितं?"

तिने सगळ्या खोलीवर नजर फिरवली. मिरच्यांची पोती, मोडकी चाळण आणि मी. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

गुरुजींनी घसा साफ केला. आमच्याकडच्या माणसांच्या नावापुढे 'अप्पा' लागतो, तो त्यांनी मलाही लावला. "रांजणप्पा!" जगदेवी पाटावर चढली, माझ्या तोंडात डोकं घातलं आणि ओरडली, "हजर!" तो आवाज माझ्या पोटातून असा घुमून आला, की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुणीतरी आहोत.

मग ती सगळा अभ्यास माझ्यातच करू लागली. ती म्हणायची, "बे एके बे," मी म्हणायचो, "बे एके बे." ती चुकली की मीही चुकायचो आणि गुरुजी दोघांना रागवायचे. परीक्षेत तिचा पहिला नंबर आणि माझा शेवटचा. माझी काही तक्रार नव्हती. दुपारी ती हनुवटी माझ्या काठावर टेकवून उभी राही आणि काहीबाही सांगत बसे. तिचा श्वास आत यायचा. पाणी ठरत नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं, असं मला वाटायचं.

इरम्माला मात्र हे पटत नव्हतं. एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "पोरगी रांजणाशी बोलती, माणसाशी न्हाय. तिथं चार पोरींत तोंड उघडंल का? माझा भाऊ तिला मागणी घालून वाट बघून राहिलाय. बार्शीत नाव लागलं तर ठीक, न्हायतर पुढल्या साली लगीन करून टाकायचं. मी आणिक थांबणार न्हाय."

"लागंल नाव," शंकरप्पा म्हणाले. पण आवाजात गुरुजींचा जोर नव्हता.

जूनमध्ये बापलेक बैलगाडीने बार्शीला गेले. निघताना जगदेवीने माझ्यात सगळे पाढे एकदा म्हणून घेतले. मग खोली शांत झाली. नाव लागलं तर ती जाणार आणि नाही लागलं तरी सासरी जाणारच. तिने शाळेतच जावं, असं मला मनापासून वाटत होतं. आणि मनापासून भीतीही वाटत होती.

चार दिवसांनी शंकरप्पा एकटेच परत आले. मागच्या खोलीत मिरचीच्या पोत्यावर बसले. इरम्मा समोर उभी राहिली.

"काय झालं? पोरगी कुठाय?"

"सांगतो. बाईंनी तिला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणल्या, सातचा पाढा म्हण. वर्गात तीसेक पोरी. हिच्या तोंडातून शब्द फुटंना. इकडं बघती, तिकडं बघती. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. गेली की तिकडं! झाकण काढलं आणि त्यात तोंड घालून म्हणली, सात एके सात."

"अगं बाई! मग?"

"मग काय, माठ भरलेला. भरला माठ कशाचा बोलतोय? आवाज परत येईना, तशी रडायला लागली. म्हणली, ह्यो बोलत न्हाय. सगळ्या पोरी हसल्या. माझी मान खाली गेली. म्हणलं, संपलं सगळं."

इरम्माने तोंडावर पदर धरला.

"तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोरगी हसायची थांबली. जाग्यावरूनच म्हणली, सात एके सात. आपली जगी वळली. तिच्याकडं बघितलं आणि म्हणली, सात दुणे चौदा. ती म्हणली, सात दुणे चौदा. मग दोघी जी सुटल्या, त्या सत्तरपर्यंत थांबल्याच न्हाईत. बाईंनी तिसरीत नाव घातलं. पोरगी पार्वतम्माकडं ठिवली." एवढं बोलून शंकरप्पांनी कोट काढला आणि त्यातच तोंड लपवलं.

मला आनंद झाला. खूप झाला. पण तो सांगायचा कुणाला? नवराबायको निघून गेली आणि दार लोटलं गेलं. पुढे कित्येक महिने त्या खोलीत मिरच्यांशिवाय काही आलं-गेलं नाही.

दिवाळीला जगदेवी घरी आली. तिचा आवाज मी रस्त्यापासून ऐकत होतो. ती ओट्यावरून गुराख्यांच्या मुलींना हाका मारत होती, त्यांना बार्शीच्या गमती सांगत होती आणि त्या खिदळत होत्या. दोन दिवस ती मागच्या खोलीत फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. आता तिला पाट लागला नाही. तिने माझ्यात डोकं घातलं आणि हळूच विचारलं,

"करमतंय का रं?"

मित्रांनो, मला किती सांगायचं होतं! पण मी पडलो रांजण. जे आत येतं तेच मला परत देता येतं.

"करमतंय का रं?" मी म्हणालो.

ती खुदकन हसली. मीच तिला विचारतोय, असं तिला वाटलं.

"लई करमतंय मला!" ती म्हणाली. बाहेरून मुलींनी हाक मारली आणि ती पळाली.

आता मी परसात कडेला पडून आहे. मला जपा, असा आग्रह मी धरत नाही. चीर पडलेल्या मातीला कोण किती जपणार? पण तुमच्या शेजारी कुणी एकटंच शिकत, एकटंच खेळत बसलं असेल, तर त्याच्याजवळ जा. करमतंय का, म्हणून विचारा. आणि विचारून लगेच पळू नका. त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.