टेबलावरचा कान

बाजारात त्याला सगळे आरसा म्हणत. तो लाकडाला असं पॉलिश करायचा की त्यात बघून माणसाने भांग पाडावा. पण गेल्या वर्षीच्या सुट्ट्यांत या आरशाने जो पराक्रम गाजवला, त्याची खूण ताईच्या जेवणाच्या टेबलावर वर्षभर राहिली. ओल्या पॉलिशवर डोकं टेकून तो गाढ झोपला होता. पिऊन, हे वेगळं सांगायला नको. ताईने आणि दाजींनी त्याला उचललं तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यावर त्याचा गाल आणि कान छापून राहिले होते. कान तर इतका सुबक की पाळीसुद्धा ओळखू यावी. ताईने त्यावर कापड अंथरलं ते कायमचंच.

त्यानंतर त्याने पिणं सोडलं. कसं सोडलं ते त्याचं त्याला ठाऊक आणि थोडंफार बायकोला. जुने मित्र टाळले, बाजारातून घरी यायचा रस्ता बदलला, चहा मात्र इतका वाढवला की बायको म्हणाली, आता एक म्हैसच बांधूया दारात. वर्ष तसं निभावलं. पण सुट्ट्या तोंडावर आल्या आणि तो घराबाहेर पडायला कचरू लागला.

कारण सुट्ट्यांत जो उठतो तो हातात ग्लास देतो. गिऱ्हाईक देतं, शेजारी देतो, एरवी ओळख न दाखवणारा माणूसही गळ्यात पडून म्हणतो, "अहो, एकाने काय होतंय?" काय होतंय ते आरशाला चांगलं माहीत होतं. पण "मी सोडली" असं म्हणायची त्याला लाज वाटे. म्हटलं की लोक हसतात, पैजा लावतात. म्हणून तो कधी पित्त पुढे करी, कधी गोळ्या. त्याचं पित्त ऐकून ऐकून एका गिऱ्हाइकाने त्याला वैद्याचा पत्तासुद्धा दिला.

अशात ताईने घराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"आम्ही दाजींच्या आईकडे चाललोय. परत येईपर्यंत तो कान काढून टाक. सुट्टीचं जेवण त्याच टेबलावर करू."

एवढंच बोलली. आणखी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. बाटल्यांचं काचेचं कपाट त्याच खोलीत, टेबलाच्या अगदी समोर होतं आणि त्याला कुलूप नव्हतं.

आरशाने जुनं पॉलिश खरवडून काढलं, लाकूड घासून गुळगुळीत केलं, लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली. मग कापूस फडक्यात गुंडाळून बोळा केला आणि पॉलिशचे हात मारायला बसला. या कामात एकच पथ्य असतं. बोळा लाकडावर फिरता हवा, थांबता कामा नये. क्षणभर जरी थांबला तरी तो तिथे चिकटतो आणि डाग उठतो. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. तेही पॉलिशवालेच. काम झालं की ते दिवा टेबलाच्या पातळीला धरायचे आणि तिरप्या उजेडात डाग शोधायचे. दिवा धरायचं काम ताईकडे असे.

दुसऱ्याच दुपारी कपाटाने त्याला हाक मारली. घर रिकामं, विचारायला कुणी नाही. ऊठ, एक घोट घे, पुन्हा येऊन बस, कोणाला कळतंय? पण उठायचं तर हात थांबवायला हवा आणि हात थांबवला तर ताईच्या टेबलावर नवा डाग. "हा हात पुरा होऊ दे, मग बघू," तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला आणि बोळा फिरवत राहिला. गोल गोल, काठापासून काठापर्यंत. पुरा झाला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. कपाटाकडे न बघता तो उठला, घराला कुलूप घातलं, घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं आणि चार माणसांचं जेवण एकटा जेवला. मग रोज हेच. हा हात पुरा होऊ दे, मग बघू.

शेवटचा हात वाळून कडक झाल्यावर धूळ बसू नये म्हणून त्याने ताईचंच कापड टेबलावर पसरलं आणि किल्ली शेजारी ठेवून दिली.

जेवणाच्या संध्याकाळी त्याला उशीर झाला. सुट्ट्यांच्या आधी सगळ्यांनाच आपली कपाटं चकाकायला हवी असतात. शेवटच्या गिऱ्हाइकाकडून तो तसाच, कामाच्या शर्टात, ताईकडे धावत आला. बायको आधीच येऊन स्वयंपाकघरात हाताखाली लागली होती.

दार दाजींनी उघडलं. दाजी मोटार शिकवतात, त्यामुळे त्यांचा एक पाय कायम ब्रेकवर असतो, घरात सुद्धा. ते "या या" म्हणाले, मग त्यांचं नाक हललं आणि ते दारातच थबकले. मागून ताई आली. तिने भावाच्या शर्टाचा वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"परत?" ती म्हणाली. "अरे, आजच्या दिवशी तरी..."

आरशाने तोंड उघडलं आणि वाक्य ओठांवर येऊन अडकलं. 'पॉलिशचा वास आहे.' वर्षानुवर्षं त्याने हेच वाक्य वापरलं होतं. पिऊन आला की हेच, पडला की हेच, टेबलावर झोपला त्या दिवशीसुद्धा डोळे न उघडता हेच. आज ते पहिल्यांदा खरं होतं आणि आज ते तोंडातून काढायची सोय नव्हती.

बायको हात पुसत बाहेर आली. "ताई, ते कामावरून..."

"तू थांब," तो म्हणाला. "ताई, टेबल बघितलंस?"

"नाही." ताईने नजर चुकवली. "कापड उचलायचा धीर झाला नाही."

"मग आता उचल."

ताईने कापड ओढलं. छताचा दिवा टेबलात अख्खाच्या अख्खा उतरला होता, त्याच्या वायरसकट. तिने आधी तो कोपरा पाहिला. कान नव्हता, गाल नव्हता. पण ती पॉलिशवाल्याची मुलगी, तेवढ्यावर कशी भुलेल? तिने दाजींना दिवा बंद करायला लावलं, मोबाईलची बॅटरी लावली, गुडघ्यांवर बसली आणि उजेड टेबलाच्या पातळीला धरला, लहानपणी वडिलांसाठी धरायची तसाच. एक काठ बघितला. सरकली, दुसरा बघितला. अख्ख्या टेबलाभोवती ती गुडघ्यांवर फिरली. आरसा भिंतीला टेकून उभा होता. नापास झालो तर या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

ताई उठली. तिचे डोळे भरले होते.

"कुठेच थांबला नाहीस रे," ती म्हणाली. "एका जागीसुद्धा हात थांबलेला नाही. प्यालेल्या माणसाचं हे कामच नव्हे."

तिने दिवा लावला आणि त्याला, त्या वास मारणाऱ्या शर्टासकट, जवळ घेतलं. बायको मात्र जागची हलली नाही. ती नुसती ताठ उभी राहिली, सोन्याने मढवल्यासारखी.

दाजींनी ब्रेकवरचा पाय काढला तो एकदमच. "अरे वा! मग यावर एक व्हायलाच हवं!" सवयीने त्यांनी कपाट उघडलं, ग्लास भरला आणि टेबलावर टेकवणार, इतक्यात दोन्ही भावंडं एकदम ओरडली, "टेबलावर नको!"

दाजींचा हात हवेतच राहिला. "का?"

"लाखेचं पॉलिश आहे, दाजी," आरसा म्हणाला. "दारूचा थेंब जरी पडला तरी विरघळतं. याला दारू सोसत नाही."

मग त्याने मान वर केली. पित्त नाही की गोळ्या नाहीत.

"आणि मलाही नाही. मी सोडली आहे."

कुणी हसलं नाही. दाजींनी ग्लास बाजूला धरला, मोरीत नेऊन ओतला आणि विसळून त्यात पाणी भरून आणलं.

"पाणी तरी चालतं ना तुमच्या टेबलाला?"

"खाली बशी ठेवून," ताई म्हणाली.

आरसा कोपऱ्यावरच्या खुर्चीत जाऊन बसला, जिथे वर्षभर त्याचा कान होता. ताईने कापडाची घडी केली आणि ते जुन्या कपड्यांत टाकलं.