नग सत्तावीसची कुरकुर

मित्रांनो, माझ्या पाठीवर पिवळ्या रंगात 'शांतलिंग मंडप, अणदूर, नग २७' असं लिहिलेलं आहे. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची. आणि आधीच सांगून ठेवते, मी जरा तोंडाळ आहे. गप्प बसणाऱ्या खुर्च्या जगात ढिगानं आहेत, त्यांची गोष्ट त्या सांगतील तेव्हा सांगतील.

आम्ही चाळीस जणी नळदुर्गच्या एका वेल्डिंगच्या दुकानात एकाच आठवड्यात जन्मलो. निळा रंग, गुळगुळीत पाठ, उघडताना 'खट्' असा आवाज. शांतलिंगअप्पांनी आम्हाला टेम्पोत घालून अणदूरला आणलं तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. पहिली काही वर्षं काय थाट होता म्हणून सांगू! लग्नं, बारशी, निवडणुकीच्या सभा. कुणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले की तिच्यासाठी एक चांगली खुर्ची न्यायचे, आणि ती बहुधा मीच असायचे. पोरी माझ्यावर अंग चोरून बसायच्या, नजर खाली, आवाज त्याहून खाली. त्यांचे तळहात घामानं ओले झालेले मला कळायचे. वाईट वाटायचं हो.

मग एका वरातीत नवरदेवाचा मामा माझ्यावर उभा राहून नाचला. कसला मामा तो, चालता-बोलता कणगा! माझ्या मागच्या उजव्या पायाचा नट जो ढिला झाला तो झालाच. त्या दिवसापासून माझ्यावर कुणी हललं-डुललं की मी 'कर्र' करते. स्थिर बसा, माझी काही तक्रार नाही. पण लग्नात स्थिर कोण बसतो? "ही कुठली रडतराऊत आणली?" असं पाहुणे म्हणू लागले आणि अप्पांनी मला गोदामात ताडपत्रीखाली टाकलं. तीन वर्षं पडून होते. बाहेर बहिणींची 'खट्खट्' ऐकू यायची आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा.

तिथून माझी सुटका झाली ती शिवांजलीमुळं. ही अप्पांची थोरली लेक. तिला पुण्याच्या फौजी डॉक्टरकीच्या कॉलेजात जायचं होतं. नीटच्या परीक्षेत तिला चांगले गुण पडले, कॉलेजचं बोलावणं आलं, पण तिथं नुसत्या गुणांवर भागत नाही. मुलाखत असते. एकदाच. तिथं जमलं नाही तर स्वप्न तिथंच संपलं.

आता आमच्या घरात मुलाखत कुणी दिलेली? कुणीच नाही. शेवटी अप्पा गेले गौरीशंकर सुभेदारांकडं. सुभेदारकाकांनी फौजेच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेली. ते म्हणाले, "रविवारी येतो. समोर टेबल मांडा, पोरीला एक खुर्ची द्या. सराव करू."

पण त्या रविवारी लग्नसराईतला शेवटचा मुहूर्त! एकोणचाळीस खुर्च्या वऱ्हाडात गेलेल्या. उरले कोण? मी. अप्पांनी ताडपत्री बाजूला केली, फडक्यानं धूळ पुसली आणि मला अंगणात नेऊन मांडलं.

टेबलामागं मधोमध सुभेदारकाका, एका अंगाला अप्पा आणि दुसऱ्या अंगाला नागम्मा. नागम्मा म्हणजे अप्पांची आई. माहेर आळंदचं, म्हणून घरात सगळे तिला कानडी रीतीनं अव्वा म्हणतात. अव्वानं सकाळपासून नातीला तयार केलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं, "समोर चार जण बसत्यात, पोरगी एकटी खुर्चीवर, इचारत्यात ते सांगायचं. मंग हे बघणंच की गं! मला काय शिकवताव?"

त्यामुळं शिवांजली आली ती साडी नेसून, डोक्यात गजरा, हातात चहाचा ट्रे. टेबलावर कप ठेवले, वाकून तिघांना 'शरणार्थ' म्हणत नमस्कार केला आणि खाली मान घालून उभी राहिली.

सुभेदारकाका आ वासून बघतच राहिले. "बस की बाळ."

ती माझ्यावर बसली. अंग चोरून, अगदी त्या जुन्या पोरींसारखी.

"नाव?"

"शिवांजली शांतलिंग बिराजदार. मामाचं गाव नळदुर्ग. स्वयंपाक सगळा येतो."

मग काका जे हसले! चहा सांडला. अप्पाही हसले. अव्वा मात्र फणकारली, "हसताव काय? बरुबर तर सांगितलं."

हसू आवरून काका म्हणाले, "अव्वा, तिकडं सून न्हाय बघत. डॉक्टर बघत्यात. पोरी, मान वर. विचारणाऱ्याच्या डोळ्यात बघायचं. आत जाताना विचारायचं, बस म्हटल्यावर बसायचं, अन् चहा तेच पाजतील तर पाजतील. आता सांग, डॉक्टर का व्हायचंय?"

शिवांजलीनं मान वर केली आणि सुरू झाली, "मला लहानपणापासून गोरगरिबांची सेवा करण्याची आवड असून…"

कर्र.

"…वैद्यकीय क्षेत्र हे एक पवित्र…"

कर्र. कर्र.

माझा काय दोष? आपल्याकडं पोरं शाळेत पाढे म्हणताना पुढं-मागं डोलतात ना, ती सवय तिच्या अंगात मुरलेली. पाठ केलेलं बोलायला लागली की खांदे आपोआप डोलायचे. अप्पा ओशाळून उठले, "थांबा काका, शेजाऱ्याची खुर्ची आणतो."

"बसा हो," काका म्हणाले. त्यांनी मला नीट न्याहाळलं. इतक्या वर्षांत माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. "लई गुणाची खुर्ची हाय. चुगलखोर हाय. पोरी, हे वहीतलं उत्तर त्या साहेबांनी हजार वेळा ऐकलंय. पुस्तकातलं तुला किती येतंय ते तुझ्या गुणांवरून कळलंय त्यांना. तू विचार कसा करतीस, ते बघायला बसलेत ते. येत नसलं तर 'माहीत नाही सर' म्हण, आभाळ पडत न्हाय. आता वही विसर. दवाखान्यात शेवटची कधी गेलतीस?"

शिवांजली सांगू लागली. गेल्या श्रावणानंतर अव्वाला घेऊन ती तपासायला गेली होती. अव्वाचा रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेता ना? अव्वा म्हणाली, व्हय साहेब, घेतो की. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. श्रावण संपलेला, म्हणून ती वाढीव गोळी अव्वानं घेतली, आणि आठ दिवसांत दाब एकदम उतरून चक्कर येऊन ओट्यावर पडली. मग शिवांजलीला देव्हाऱ्यात विभूतीच्या डब्यामागं गोळ्यांची अख्खी पाकिटं सापडली. उपासाला गोळी चालते का नाही, हे ठाऊक नव्हतं म्हणून अव्वानं श्रावणभर घेतलीच नव्हती. आणि एवढ्या मोठ्या साहेबाला 'नाही' कसं म्हणायचं, म्हणून 'हो' म्हटलं होतं.

"आपली माणसं डॉक्टरला मान म्हणून हो म्हणत्यात, काका. पुन्हा एकदा विचारणारं कुणीतरी पाहिजे. मला ते व्हायचंय."

मी गप्प होते. इतका वेळ बोलली, पण एक 'कर्र' नाही. काका टेबलावर हात आपटून म्हणाले, "हेच! हेच सांगायचं तिथं!"

पण अव्वा तावातावानं उठली. "ए पोरी, मला चव्हाट्यावर आणतीस व्हय? नागम्मा साहेबासंगं खोटं बोलली म्हणून पुण्यापतुर सांगणार? तिथं ह्यातलं अवाक्षर काढायचं न्हाय. माझी आण हाय."

झालं! खरं उत्तर सापडलं आणि त्याच घटकेला कुलूप लागलं. पुढचे तीन रविवार बाकी सगळ्याचा सराव झाला. बर्फात नेमणूक झाली तर जाशील का, हरलेला खेळ कोणता, गावात काय बदलशील. कुरकुर कमी होत गेली. पण 'डॉक्टर का?' आलं की पोरगी पुन्हा वहीतलं बोलायची आणि मी पुन्हा बोंबलायचे. अव्वाला हे ऐकू येत नव्हतं असं समजू नका.

पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी अप्पा रिक्षा आणायला गेलेले. मी अंगणातच होते. अव्वा काठी टेकत आली आणि चक्क माझ्यावर बसली. पहिल्यांदाच.

शिवांजली तिच्यासमोर उकिडवी बसली. "अव्वा, तुझी आण मोडणार न्हाय मी. पण विचारते. सांगू का तुझं?"

"न्हाय म्हटलं ना." कर्र. "लोक हसतील." कर्र. "मला काय फरक पडतो गं," कर्र, "तू डाक्टर झाली काय, न्हाय झाली काय…" कर्र!

दोघींनी एकदम खाली माझ्याकडं बघितलं. अव्वाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले. मग ती हलायची थांबली आणि नातीच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "सांग जा. माझ्यासारख्या लई जणी हायती. पर येडी म्हणू नगंस मला."

माझ्यातून आवाज निघाला नाही.

मी काही पुण्याला गेले नाही, मित्रांनो. पण परत आल्यावर शिवांजलीनं माझ्यावर बसूनच सगळं करून दाखवलं. समोर पाच जण होते, गणवेशातले, पण हसतमुख. खुर्ची मऊ गादीची. पहिले दोन प्रश्न छान गेले. तिसऱ्याला तिनं 'माहीत नाही सर' म्हटलं, आणि खरंच आभाळ पडलं नाही. मग आला तो प्रश्न. भीतीनं तिच्या तोंडून वहीतलंच निघालं, "मला लहानपणापासून…" ती गादीची खुर्ची मख्खासारखी गप्प! पण शिवांजलीला स्वतःचे खांदे डोललेले कळले. कानात माझी कर्र वाजली, असं तिनं सांगितलं. मला तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू?

ती थांबली. "माफ करा सर, हे मी पाठ केलेलं बोलतेय. खरं सांगू का?"

आणि तिनं विभूतीच्या डब्याची गोष्ट सांगितली. सगळे ऐकत राहिले. शेवटी टोकाला बसलेल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "रुग्णाचं गुपित डॉक्टरनं बाहेर सांगू नये. तुझ्या आजीचं तू आम्हाला सांगितलंस. तिला चालेल?"

"हो मॅडम. निघताना तिला विचारलं. ती सांग म्हणाली, म्हणून सांगितलं. आणि येडी म्हणू नको म्हणाली."

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला आणि मनापासून हसल्या.

यादी लागली. तिचं नाव होतं! अप्पा अंगणात नुसते इकडून तिकडं फिरत होते, फोन कानाला, चपला उलट्या पायात. अव्वानं गल्लीभर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात स्वतःच सांगितलं, "माझ्या गोळ्यांमुळं पास झाली."

दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्याजवळ आले. एका हातात पाना, दुसऱ्यात तेलाची बाटली. म्हणाले, "हिनं आपलं लई भलं केलं. नट आवळतो, नवी करून टाकतो." मित्रांनो, माझा थरकाप झाला. तेवढ्यात आतून शिवांजली धावत आली, "अप्पा, थांबा! तेल लावा, रंग लावा, पर तेवढा नट राहू द्या!"

तो राहिला. आता रविवारी अंगणात कुणी ना कुणी माझ्यावर बसायला येतं. परवा येडशीचा उत्कर्ष आला होता. त्याला अव्वानं टेबलामागून पहिलाच प्रश्न टाकला, "मान वर कर. अन् खरं सांग, डाक्टर का व्हायचंय?" आता तीही परीक्षक झालीय, आणि गोळी घेतल्याशिवाय टेबलामागं बसत नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला पावसात ठेवू नका, गंज वाईट असतो. माझ्यावर चढून नाचू नका, त्यासाठी जमीन आहे. आणि तुमच्याही घरात एखादं कुरकुरणारं जुनं कुणी असेल, तर त्याला ताडपत्रीखाली टाकायच्या आधी, ते नेमकं केव्हा कुरकुरतं, तेवढं एकदा ऐकून बघा.